तोंडातली बुरशी, वाटीभर दही आणि एक फिरता संदेश

नागपुरातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. तोंडात पांढरा थर दिसला की ती बुरशी समजावी. रोज वाटीभर दही किंवा प्रोबायोटिकची एक कॅप्सूल घेतल्यास ‘चांगले जिवाणू’ तिला मारतात आणि ती पुन्हा कधीच होत नाही. कवळी, मधुमेह किंवा दम्याचा पंप असला तरी वेगळे काही करावे लागत नाही, असा त्याचा आशय आहे. यात थोडे तथ्य आहे आणि म्हणूनच तो नीट तपासायला हवा.

‘कधीच होत नाही’ हे विधान मुळातच टिकत नाही. कँडिडा ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडात एरवीही नांदत असते आणि लाळ, इतर जिवाणू व शरीराची प्रतिकारशक्ती यांचा धाक असेपर्यंत ती त्रास देत नाही. त्यामुळे तिला मारून संपवण्याचा प्रश्न नसून तिची वाढ आटोक्यात ठेवण्याचा आहे.

तथ्य आहे ते इथे. फिनलंडमध्ये 276 वृद्धांवर झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला 16 आठवडे रोज 50 ग्रॅम प्रोबायोटिक चीज आणि दुसऱ्याला साधे चीज देण्यात आले. लाळेत बुरशीचे प्रमाण जास्त असलेल्यांचा वाटा पहिल्या गटात 30 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर आला, तर दुसऱ्या गटात तो 28 वरून 34 टक्क्यांवर गेला. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. परंतु रोज चीज खाऊनही पाचातल्या एकाच्या लाळेत बुरशी जास्तच राहिली. शिवाय तिथे मुख्यतः मोजली गेली ती लाळेतली बुरशी. झालेला आजार औषधाविना बरा होतो, असे त्यातून सिद्ध होत नाही.

ते चीज म्हणजे आपल्या घरचे दही नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001 मध्ये केलेल्या व्याख्येनुसार प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा प्रमाणात दिल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव, आणि असा लाभ जिवाणूच्या त्या त्या वाणापुरता, म्हणजे उपप्रकारापुरता, तपासावा लागतो. शेजारणीकडून आणलेल्या विरजणात कोणते जिवाणू किती आहेत, हे कोणीच सांगू शकत नाही. कॅप्सूल तर गिळायची असते. ती पोटात विरघळते, तोंडातल्या बुरशीशी तिची गाठ पडणार कुठे? दही जरूर खावे (नागपूरच्या उन्हाळ्यात मठ्ठ्याला कोण नाही म्हणेल?), पण त्याला औषधाचे काम सांगू नये. केमोथेरपी सुरू असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांनी तर प्रोबायोटिकची कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये, कारण अशा रुग्णांत हेच सूक्ष्मजीव क्वचित रक्तात शिरल्याच्या नोंदी आहेत.

कवळी, मधुमेह आणि पंप यांबाबतचा दावा सर्वांत चुकीचा आहे, कारण बुरशी वाढण्याची मुळे तिथेच असतात. कवळीच्या पृष्ठभागाला बुरशी चिकटून राहते, म्हणून ती रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी लागते. दम्यासाठीचा स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकावी लागते. आणि रक्तातली साखर आवाक्यात नसेल, तर साखर घातलेले दही हा उपाय म्हणून सुचवणे विनोदीच म्हणावे लागेल. आजार झालाच, तर क्लोट्रिमॅझोलसारखी बुरशीविरोधी औषधे डॉक्टर देतात.

मला सर्वाधिक खटकते ते संदेशातले पहिलेच वाक्य. ज्या शहरात पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला जातो, तिथे तोंडातला प्रत्येक पांढरा चट्टा बुरशीचा समजणे धोक्याचे आहे. बुरशीचा थर बहुधा कापडाने पुसला जातो आणि खाली लालसर त्वचा दिसते. तंबाखू-सुपारीमुळे येणारा ल्युकोप्लाकियाचा चट्टा पुसून निघत नाही, दुखतही नाही आणि काही जणांत पुढे कर्करोगात बदलू शकतो. असा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर दह्याच्या वाटीची परीक्षा पाहत न बसता दंतवैद्याला किंवा शासकीय दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तोंड दाखवून यावे.