टूलबॉक्सच्या झाकणाची माफी आणि इंजिनाचा खुलासा

नमस्कार साहेब,

आमच्या गॅरेजवरचा तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण आधी जॉबकार्ड आणि फोटो काढून बघायचे होते, पोरांशीही बोलायचं होतं. तुमचं म्हणणं असं की नव्यासारखी करायला दिलेल्या वडिलांच्या १९७९ सालच्या बुलेटच्या टूलबॉक्सचं झाकण आम्ही रंगवून टाकलं, तीन महिने सांगून सात महिने लावले, ६८,००० चं बिल ९६,५०० वर नेलं, आणि एवढं होऊनही गाडी धूर सोडते, ब्रेकही कमी लागतो.

झाकणाचं आधी बोलतो. त्यात तुमचा शब्द न् शब्द खरा आहे आणि चूक माझी आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला तुमच्या वडिलांनी पांढऱ्या ऑइलपेंटनं ऑइल बदलल्याच्या तारखा लिहिल्या होत्या, एकाखाली एक. गाडी सुटी केली त्या दिवशी पत्र्याचा सगळा माल एकाच गोणीतून सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं जुना रंग आणि गंज काढायला, गेला आणि त्यात ते झाकणही गेलं. पोरांना बोल लावत नाही. काय घासायचं आणि काय तसंच ठेवायचं, हे सांगणं माझं काम होतं. मी टाकी बघितली, मडगार्ड बघितले, पण झाकण उघडून बघितलं नाही. रंग, क्रोम, टाकीवरच्या सोनेरी रेघा, हे सगळं आम्हाला पुन्हा करता येतं. ते अक्षर येत नाही. तुम्ही गाडी न्यायला आलात, झाकण उघडलंत आणि काही न बोलता बंद केलंत, तेव्हा मला कारण कळलं नव्हतं. अभिप्राय वाचल्यावर कळलं. मनापासून माफी मागतो.

गाडी आली त्या दिवशी पोरानं काढलेल्या फोटोंपैकी एकात ते झाकण उघडं आहे आणि तारखा वाचता येतात. तो फोटो मोठा करून छापून ठेवला आहे. त्यावरून पेंटरकडून तसंच लिहून घेता येईल, पण तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला हात लावणार नाही, कारण ते अक्षर दुसऱ्याचं असेल. पत्र्याच्या रंगकामाचे १४,००० रुपये तुम्हाला परत करतो. आता आमच्याकडे गाडी सुटी करताना मालक समोर असल्याशिवाय एकही पत्रा ब्लास्टिंगला जात नाही.

उशिराबद्दल. क्रोमवाल्याकडून पुढचा मडगार्ड दोनदा परत पाठवावा लागला, कारण गंजाचे खड्डे नीट न भरता वरून क्रोम चढवलं होतं. पण खरी चूक वेगळीच. गाडी मे महिन्याच्या अखेरीस आली. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतका ओलावा असतो की रंगावर पांढरट झाक धरते, म्हणून त्या दिवसांत आम्ही टाकी रंगवायला घेत नाही. हे मला माहीत असताना मी तीन महिने सांगायलाच नको होते.

आता इंजिन. वाढलेले २८,५०० रुपये कशाचे, ते सगळ्यांसमोर लिहितो. क्रँकचं, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या भागाचं काम, पिस्टनला क्रँकशी जोडणारा नवा कनेक्टिंग रॉड आणि ट्रूइंग (क्रँक न डगमगता फिरेल असा जुळवणं) धरून, ९,५००. बॅरलला, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याला, लायनर (आत बसवायची नवी नळी) आणि पिस्टन ६,८००. हेडचे व्हॉल्व्ह आणि गाइड ४,२००. दोन्ही चाकांचे रिम आणि स्पोक ८,०००.

पहिला अंदाज मी इंजिन न उघडता दिला होता. उघडल्यावर बॅरलवर आधीच चाळीस थाऊचं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोरिंग झालेलं, म्हणजे ते आतून कापून मोठं केलेलं निघालं. ७० मिलिमीटर बोअर (बॅरलच्या आतला व्यास) आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचं (पिस्टनची वर-खाली धाव) हे ३४६ सीसीचं इंजिन, त्यात चाळीस थाऊ म्हणजे बोअर आधीच जवळजवळ एक मिलिमीटरनं वाढलेला. वर त्यात खोल चरे. पुन्हा बोअर मारायला जागा नव्हती, म्हणून उद्यमनगरात लायनर बसवून बॅरल मूळ मापावर आणलं. वडिलांच्याच गाडीचं बॅरल आहे ते, बदललेलं नाही.

क्रँकचं दुखणं त्याहून जुनं होतं. या जुन्या बुलेटमध्ये कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकात फ्लोटिंग बुश, म्हणजे मोकळी फिरणारी धातूची कडी, असते. ती क्रँकची पिन आणि रॉड यांच्यामध्ये ऑइलच्या थरावर फिरते. ते ऑइल टायमिंग कव्हरमधून (इंजिनाच्या बाजूचं झाकण) क्रँकच्या टोकातून आत जातं आणि तिथं एक छोटं सील असतं. तुमच्या गाडीतलं सील वाळून कडक झालं होतं. बुशपर्यंत पोचायच्या आधीच ऑइल गळून जायचं. रॉड हातात धरून वर-खाली केला की टकटक ऐकू यायची. नुसता बुश घालून गाडी सोडली असती तर बिल कमी झालं असतं आणि काही दिवसांनी तीच टकटक घेऊन तुम्ही परत आला असता.

पण हे सगळं मी तुम्हाला कसं कळवलं? ‘इंजिनचं काम वाढलंय,’ एवढी एक ओळ व्हॉट्सअ‍ॅपवर. तुम्ही ‘ठीक’ लिहिलंत आणि मी तो पैशाचा होकार धरला. ते चुकलं. फोन करून आकडा सांगायला हवा होता, सुटे भाग दाखवायला बोलवायला हवं होतं. काम करायलाच हवं होतं, या मतावर मात्र मी ठाम आहे.

तुम्ही लिहिलंय की जुन्या बाजारात तयार इंजिन पंधरा हजारांत मिळालं असतं. मिळालं असतं, पण त्यावरचा नंबर तुमच्या आरसी बुकात नाही. आरटीओच्या परवानगीशिवाय इंजिन बदललेली गाडी पुढच्या पाच वर्षांच्या नूतनीकरणाला अडते. शिवाय २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, ‘व्हीए’ अक्षरांच्या नंबरप्लेटसह. त्याची फी २०,००० रुपये आहे. तुमची गाडी २०२९ मध्ये तिथं पोचते. नंबर घासून पुन्हा पंच करून देणारे लोक आहेत. मी ते कधी केलेलं नाही आणि करणार नाही.

धुराबद्दल. तुम्ही लिहिलंय की महिनाभर गाडी उभी होती आणि मग पहिल्या किकला निळसर-पांढरा धूर आला. या इंजिनात ऑइल क्रँकशेजारच्या वेगळ्या कप्प्यात असतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते पंपातून हळूहळू झिरपून क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पेटीत, उतरतं आणि सुरू करताना थोडं जळतं. पंप ते पुन्हा वर ओढून घेतो, मग धूर थांबतो. चार-पाच मिनिटांत थांबला तर काळजी नको. नाही थांबला तर दोष आमच्या कामात आहे. गाडी आणायला टेम्पो पाठवतो आणि पैसे न घेता इंजिन उघडतो.

पहिले ८०० किलोमीटर ताशी ५० च्या आत चालवा, असं मी सांगितलं, ते तुम्हाला निमित्त वाटलं. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि बॅरल बिडाचं. तापल्यावर पिस्टन जास्त फुगतो. पिस्टनच्या रिंगा अजून बसलेल्या नसताना जोर दिला तर तो जाम होतो आणि नव्या लायनरला चरे पडतात. एकाच वेगात लांब पळवू नका, जोतिबाचा चढ टॉप गिअरमध्ये रेटू नका. ५०० किलोमीटरला पहिलं ऑइल बदलायचं, ते आमच्याकडून.

ब्रेक कमी लागतो हेही बरोबर आहे. ब्रेकचे लायनर नवे आहेत, चाकाच्या ड्रमला बसायला थोडे दिवस लागतील. ऑइलला याल तेव्हा ॲडजस्ट करून देतो.

तुमचा जुना पिस्टन, बुश, रॉड आणि ते वाळलेलं सील एका पिशवीत तुमच्या गाडीचा नंबर लिहून ठेवलं आहे. रविवारी सकाळी मी गॅरेजवर एकटाच असतो. या, सगळं हातात घेऊन बघा. झाकणाचा फोटोही तिथंच आहे.