मोबाइल पाच मीटर चुकतो, म्हणून धरणावरचं जीपीएस थाप आहे का?

पावसाळा लागला की ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींत एक मेसेज फिरतो: 'धरणाचं मिलिमीटरभर सरकणं जीपीएसने मोजतात ही थाप आहे, मोबाइलचं जीपीएसच पाच मीटर चुकतं. ढग आले की सिग्नल जातो. आणि भिंत हलली म्हणजे धरण गेलंच.' ऑगस्ट १९१७ मध्ये तिघरा धरण फुटलेलं हे शहर आहे, त्यामुळे असलं काही पटकन खरं वाटतं. तिन्ही विधानं चुकीची आहेत.

पाच मीटरची चूक मोबाइलची, कारण तो मुख्यतः उपग्रहाच्या संदेशातला कोड वाचतो. धरणावरचा रिसीव्हर तो संदेश वाहून आणणारी लहरच मोजतो. या लहरीची लांबी १९ सेंटिमीटर आणि तिचा शंभरावा भाग, म्हणजे सुमारे २ मिलिमीटर, ओळखता येतो. शिवाय तो एकटा नसतो. जलाशयाच्या भारापासून दूर, पक्क्या खडकावर दुसरा रिसीव्हर असतो. अंतर एक-दोन किलोमीटरच असलं, तर घड्याळाची आणि हवेतली चूक दोघांना जवळपास सारखीच लागते आणि वजाबाकीत निघून जाते. काही तासांची नोंद एकत्र सोडवली की आडव्या दिशेत १ ते ३ मिलिमीटरपर्यंत पोचता येतं. उंचीत दुप्पट-तिप्पट चूक धरावी. कॅलिफोर्नियातल्या पाकोइमा धरणावर १९९५ पासून असं अखंड मोजमाप झालं आहे.

खरी गोम अँटेनाच्या बैठकीत आहे. ती कठड्याच्या पाइपला आवळली, तर दुपारच्या उन्हात पाइप वाकतो आणि आलेखात धरण सरकल्यासारखं दिसतं. भिंतीच्या काँक्रीटमध्येच रोवलेला खांब आणि त्यावर अँटेना दर वेळी त्याच जागी बसवणारा स्टीलचा बोल्ट हवा. क्रेन, लोखंडी दरवाजे, पाण्याचा पृष्ठभाग यांवरून लहरी परावर्तित होतात आणि मोजमाप चुकवतात. जीपीएसच्या उपग्रहांची मांडणी रोज सुमारे चार मिनिटं आधी पुन्हा तशीच येते. म्हणून आलेखातला उंचवटा रोज चार मिनिटं अलीकडे सरकत असेल, तर तो परावर्तनाचा, धरणाचा नव्हे. अँटेना बदलली की आकडा एकदम उडी मारतो. बदलल्याची तारीख नोंदवलेली नसेल तर पुढे सगळे चक्रावतात. खडकावरचे संदर्भबिंदूही किमान दोन हवेत, कारण एकच असला आणि तोच खचला, तर सगळं धरण उलट्या दिशेने निघाल्यासारखं दिसतं.

ढग-पावसाने या लहरी अडत नाहीत. वीज पडून केबलमधून रिसीव्हर जळणं आणि सलग ढगाळ दिवसांत सोलरची बॅटरी उतरणं, पावसाळ्यातली खरी दुखणी ही.

आणि भिंत हलतेच. काँक्रीटचं भारस्थायी, म्हणजे स्वतःच्या वजनावर टिकणारं, धरण पाणी चढलं की माथ्याशी काही मिलिमीटर जलाशयाच्या उलट बाजूला झुकतं. थंडीत भिंतीची ती बाहेरची बाजू आकसते तेव्हाही तसंच. उन्हाळ्यात मागे येतं. काळजी तेव्हा, जेव्हा तीच पातळी, तोच ऋतू असूनही माथा गेल्या वर्षीच्या जागी परतत नाही.

मात्र पायाखालचा पाण्याचा दाब जीपीएसला दिसत नाही, आणि तिघऱ्याचा घात वाळूच्या खडकात मुरलेल्या पाण्यानेच केला. तो दाब पिझोमीटर दाखवतो, पाझर व्ही आकाराच्या खाचेवर मोजतात. खाचेतून पडणारं पाणी गढूळ झालं, तर माथ्याचा आकडा शून्य असला तरी त्याच तासाला धरणाच्या अभियंत्याला कळवलं पाहिजे.