खटारा, मका आणि वराहमंडळी

डुकरं पाळणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. वास येत नाही का, आणि खायला काय घालता? पहिल्याचं उत्तर त्यांना उभ्या जागी मिळालेलं असतं. दुसऱ्याचं मी छाती फुगवून देतो, ‘घरचा मका!’ समोरच्याच्या चेहऱ्यावर आदर उमटतो. तो तिथेच थांबला तर सगळ्यांचंच भलं. पण एखादा चौकस असतोच. ‘काढता कसा?’ मग मी त्याला शेडमागे नेऊन यंत्र दाखवतो आणि आदर आल्या वाटेने परत जातो.

यंत्र म्हणजे ट्रॅक्टरला जोडून ओढायचा एका ओळीचा कॉर्न पिकर. वयाने माझ्याहून मोठा, तेव्हा खरं तर त्याला अहो-जाहोच करायला हवं. हल्लीचा कंबाइन हार्वेस्टर कणसं काढतो, दाणे सुटे करतो, टाकीत भरतो आणि हे सगळं होईस्तोवर चालक थंडगार केबिनमध्ये गाणी ऐकत बसतो. आमचे पिकरराव फक्त कणीस मोडतात, त्याची पानं सोलतात आणि मागच्या ट्रॉलीत टाकतात. निदान तसा त्यांचा विचार तरी असतो.

कल्पना फार जुनी. कणसं तोडणाऱ्या यंत्राचं पेटंट अमेरिकेत एडमंड क्विन्सी नावाच्या गृहस्थांनी 1850 मध्येच घेतलं. तरीही पुढे कित्येक दशकं तिथले बहुतेक शेतकरी कणसं हातानेच काढत राहिले. का, ते असलं एखादं यंत्र चालवून बघितल्याशिवाय कळायचं नाही.

यंत्राने मका काढायचा तर आधी थोडा मका हाताने काढावा लागतो. हे मला यंत्र विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. पिकर ट्रॅक्टरच्या बाजूला चालतो, त्यामुळे पहिल्या फेरीला ट्रॅक्टरची चाकं उभ्या पिकातूनच जाणार. ते पीक वाचवायचं तर कडेच्या ओळी माणसांनी मोकळ्या करून द्यायच्या. मग मनगटाला पट्ट्याचा हुक बांधून मी आणि बायको ओळीत शिरतो. हुकाने पानं फाडायची, कणीस पिरगाळून मोडायचं, ट्रॉलीत भिरकवायचं. पानांच्या कडा हातांवर बारीक चिरे काढतात, मक्याचे केस घामेजल्या मानेला चिकटतात आणि कॉलरमधून आत काय जातंय याचा विचार न केलेला बरा.

याच कामाच्या अमेरिकेत राष्ट्रीय स्पर्धा होत. हेन्री वॉलेस, जे पुढे तिथले उपराष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी ही टूम काढली आणि 1924 पासून ती राष्ट्रीय पातळीवर गेली. 1935च्या स्पर्धेत एल्मर कार्लसन या पठ्ठ्याने 80 मिनिटांत 41 बुशेलांहून जास्त कणसं काढली, म्हणजे 1300 किलोच्या घरात. बघायला लाखभर माणसं जमली होती. आमच्याकडे प्रेक्षक म्हणून शेजारचे काका बांधावर उभे असतात. ते टाळ्या वाजवत नाहीत.

‘अहो, हे सगळं हातानेच होतंय की,’ बायको तिसऱ्या-चौथ्या ओळीत म्हणते. ‘मग यंत्र कशाला?’

‘आपले हात वाचावेत म्हणून,’ मी म्हणतो आणि दुसऱ्या बाजूच्या ओळीत जातो.

मग येतं ग्रीसिंग. या यंत्राला जिथे जिथे काही फिरतं तिथे एक निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, आहे, आणि यंत्रात न फिरणारं फारसं काही नाही. त्यातली निम्मी निपलं पोटाखाली. ग्रीस गन घेऊन उताणं पडायचं, एक डोळा मिटायचा आणि बोटांनी चाचपत राहायचं. निपल सापडलं की ते तुंबलेलं असतं. तुंबलेलं सुटलं की ग्रीस बेअरिंगमध्ये न जाता मनगटावरून कोपरापर्यंत येतं. सुट्या भागांचं म्हणाल तर ते बनणं केव्हाच थांबलं. ते मिळतात याच जातीच्या एखाद्या मेलेल्या यंत्राकडून, म्हणून आमच्या शेडमागे चालू यंत्र एक आणि त्याला अवयवदान करणारी दोन आहेत. घरात या दोघांबद्दल बोललेलं चालत नाही.

हे सगळं जमलं, पीटीओ (ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद यंत्राला देणारा फिरता दांडा) टाकला, शाफ्ट मिनिटाला 540 फेऱ्यांवर आला, की आवाज सुरू होतो. पत्र्याच्या पिंपात खिळे भरून कुणी ते जिन्यावरून सोडून द्यावं, तसा. पण खरं सांगू? पहिलं कणीस ट्रॉलीत ‘ठण्ण’ करून पडतं तेव्हा ग्रीस, चिरे, बायकोचा प्रश्न, सगळं माफ.

कारण आतली युक्ती खरोखर देखणी आहे. पुढच्या दोन टोकदार नळ्यांमधून मक्याचं ताट, म्हणजे खोड, आत येतं. साखळ्यांची बोटं त्याला मागे ढकलतात. तिथे दोन लांब, तिरके रोलर एकमेकांकडे फिरत असतात. ते ताटाला धरून खाली खेचतात. ताट बारीक, ते मधून निसटतं. कणीस जाड, ते अडतं आणि कटकन मोडतं. बस्स. ना सेन्सर, ना संगणक. पुढे सोलणीच्या रोलरांवर कणीस गडगडतं, रबर आणि लोखंडाच्या जोड्या त्याच्या पानांना चिमटीत पकडून ओढून घेतात आणि उघडंवाघडं पिवळंधमक कणीस वर चढून ट्रॉलीत पडतं.

मात्र हे रोलर जितके देखणे तितकेच क्रूर. ताट अडकलं की हाताने ओढून काढायचा मोह होतोच. त्या मोहापायी कितीतरी शेतकऱ्यांनी बोटं आणि हात गमावले, कारण रोलर ताट इतक्या वेगाने ओढतो की ते सोडून द्यायचं सुचेपर्यंत हात आत गेलेला असतो. त्यामुळे आधी पीटीओ बंद, मग इंजिन बंद, मग खाली उतरायचं. याला अपवाद नाही, घाई कितीही असो.

आणि अडकतं तर सारखंच. तणाचा वेल आला, अडकलं. ताट आडवं पडलेलं होतं, अडकलं. क्लच ‘कटकटकटकट’ बोंबलायला लागतो. बंद, बंद, उतरा, उपटा, चढा, चालू. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत मांड्यांना चढउताराचा असा व्यायाम होतो की वेगळ्या जिमची गरज नाही.

त्यात मक्याचे नखरे. सकाळी दव असतं. पानं चिवट होतात आणि सोलणीचे रोलर त्यांच्यावर नुसते हात फिरवतात. दुपारी सगळं इतकं वाळतं की कणीस मोडताना बुडाचे दाणेच निखळून जमिनीवर सांडतात. या दोहोंच्या मधे एक सोन्याची वेळ असते. ती नेमकी माझी बेल्ट बदलण्याची वेळ.

आलेली कणसं जाळीच्या अरुंद कणगीत जातात. अरुंद अशासाठी, की वारा आरपार गेला पाहिजे. सुटे दाणे साठवायचे तर ओलावा 15 टक्क्यांच्या खाली हवा. अख्खी कणसं मात्र 20 टक्क्यांच्या आसपास असली तरी हवेशीर कणगीत हळूहळू वाळतात. घाई केली तर बुरशी. आणि बुरशीच्या काही विषांच्या बाबतीत डुकरांचं नाक आपल्याहून शहाणं असतं. ती खाणंच सोडतात आणि आपल्याकडे असं बघतात की आपणच ओशाळावं.

एवढं करून ‘घरचा मका’ पुरतो का? नाही. मक्यात डुकराला लागणारं लायसिन, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, फार कमी. नुसत्या मक्यावर डुक्कर चरबीने गोल होतं, मांस धरत नाही. म्हणून सोयाबीनची पेंड विकत आणायची, खनिजं विकत आणायची. वजनाचा एक किलो चढायला साधारण तीन किलो खाद्य जातं. या हिशोबात डिझेल, ग्रीस आणि माझी कंबर धरायची की नाही यावर घरात दुमत आहे. वही बायकोकडे असल्यामुळे ती धरली जाते.

डुकरांना यातलं काही ठाऊक नाही. कणीस पुढे टाकलं की मोठी डुकरीण ते सोंडेने उलटं-पालटं करते, एका कडेने दात लावते आणि करकर आवाज करत दाण्यांच्या ओळी उतरवत जाते. (त्या ओळी नेहमी सम संख्येत असतात, कारण मक्याची फुलंच जोडीजोडीने येतात. हे मी तिला सांगितलं होतं. तिने पुढचं कणीस उचललं.) दाणे संपले की मधला दांडा थुंकून बाजूला. एक दाणा शिल्लक नाही, एक सेकंद वाया नाही, कुठे अडकणं नाही.

तोडणी झाल्यावर यंत्राने सांडलेलं वेचायला कळप मोकळ्या शेतात सोडला. मला वाटलं होतं, चार-दोन कणसं मिळतील. डुकरं संध्याकाळपर्यंत मान वर करेनात. यंत्राची कार्यक्षमता त्या दिवशी सगळ्यांना दिसली, बांधावरच्या काकांनाही.

‘पूर्वी लोक यंत्रबिंत काही आणत नसत,’ ते म्हणाले. ‘उभ्या मक्यातच डुकरं सोडायचे. पाडायची पण त्यांनी, सोलायची पण त्यांनी, खायची पण त्यांनी. खतसुद्धा जागच्या जागी.’

‘काका, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?’

‘तू आनंदात होतास बाबा.’

बायकोने तिथेच वही उघडली. उभ्या मक्यात डुकरं सोडायची तर भक्कम कुंपण हवं, कारण सोंड घालून खालून निघायला त्यांना वेळ लागत नाही. कुंपण म्हणजे खांब, खांब म्हणजे खड्डे, तेही शेताच्या चारही बाजूंनी. हाताने खणायचे म्हणजे जन्म जाईल, असं ती म्हणाली. मी काहीच बोललो नाही, कारण ट्रॅक्टरला जोडायचं खड्डे खणायचं एक जुनं यंत्र काकांच्याच गोठ्यामागे पडून आहे. फक्त बंद आहे. पण पार्ट सगळे आहेत म्हणे.