‘रामोजीत आतच मुक्काम करा’ हा सल्ला आपल्या घरांना लागू पडत नाही

शाळांना सुट्ट्या लागल्या की परभणी-नांदेडकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी बघायला जाताय तर आतल्याच हॉटेलात मुक्काम करा. सकाळी सगळ्यांच्या आधी पार्कात शिराल. तिकीट आणि जेवण पॅकेजमध्येच येतं. बायका-पोरांना आतच सुरक्षित. बाहेरच्या लॉजपेक्षा फरक फार तर हजार-दोन हजारांचा. बाहेर राहिलात तर दिवस येण्या-जाण्यातच संपेल.

आमच्या गल्लीतल्या एका घरानं हा मजकूर वाचून दिवाळीचा बेतच मोडला. आत राहणं झेपत नव्हतं आणि बाहेर राहण्यात अर्थ नाही असं त्यांच्या मनात बसलेलं. दोन लेकरं महिनाभर रामोजी-रामोजी करत होती, ती घरीच राहिली. म्हणून हे लिहायला बसले. त्याच सुट्टीत आम्ही सहा जण जाऊन आलो: आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई आणि नणंद. हैदराबाद शहरातल्या काचीगुड्याच्या लॉजमध्ये राहिलो आणि रामोजी पोटभर बघितलं.

सगळ्यांच्या आधी शिरण्याचं आधी बघू. रामोजीचा दिवस सकाळी नऊच्या सुमारास सुरू होतो आणि तो सगळ्यांसाठी एकच असतो. युरेका या पार्कातल्या मुख्य चौकापासून पार्कच्याच बस तुम्हाला सेटवर फिरवतात, स्टंटचे आणि नाचगाण्यांचे कार्यक्रम ठरलेल्या वेळी होतात. आतल्या सितारा हॉटेलात झोपलेला माणूस असो की बाहेरच्या हयातनगरहून आलेला, वाइल्ड वेस्टचा स्टंट शो दोघांना त्याच वेळी दिसतो. आत राहण्यानं वाचतो तो सकाळचा प्रवास. वाचतो हे खरं, पण त्यासाठी आदल्या रात्री तुम्ही आत असायला हवं. आणि घोळ इथंच आहे.

आपल्याकडून माणूस हैदराबादला जातो कसा? संभाजीनगर, जालना, परभणीचे लोक रात्री अजिंठा एक्स्प्रेसमध्ये बसतात आणि सकाळी तिकडे उतरतात. लातूर-धाराशिवकडचे रात्रीची बस धरतात, तेही सकाळीच पोचतात. मोठ्या हॉटेलांत खोली मिळते दुपारी बाराला, कुठे दोनला. म्हणजे रात्रभर प्रवास करून आलेली म्हातारी माणसं आणि आंघोळ न झालेली लेकरं रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून राहणार, नाहीतर बॅगा ठेवून तसंच पार्कात शिरणार. खोलीची किल्ली हातात येते तोवर पार्कचा अर्धा दिवस सरलेला असतो. मग ते पैसे नेमके कशाचे दिले?

काचीगुडा आणि सिकंदराबाद स्टेशनांच्या आसपासच्या बऱ्याच लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशोब चालतो. ज्या वेळी आलात, दुसऱ्या दिवशी त्या वेळेपर्यंत खोली तुमची. आमच्या लॉजच्या काउंटरवरच्या काकांना सासूबाईंनी आपल्या दखनी वळणाच्या हिंदीत विचारलं, “भैया, अब्बीच मिलती क्या रूम?” ते म्हणाले, “हौ अम्मा, नौ बजे आए तो कल नौ तक तुम्हाराच है.” दहा मिनिटांत गिझरचं कढत पाणी बादलीत पडत होतं आणि नणंदेनं शिदोरीतले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पलंगावर पेपर अंथरून मांडली होती. सहा जण जेवलो आणि दुपारपर्यंत झोपलो. त्या झोपेनंच दुसऱ्या दिवशी रामोजीत सासूबाईंचे पाय टिकले, असं मी खात्रीनं सांगते. ज्यांना तेवढीही खोली नको त्यांच्यासाठी काही स्टेशनांवर रेल्वेच्या रिटायरिंग रूम आहेत. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर त्या आधी बुक करता येतात.

आता तो ‘हजार-दोन हजारांचा फरक’. मला सगळ्यात जास्त राग या वाक्याचा येतो, कारण ते लिहिणाऱ्यानं एक नवरा-बायको आणि एक मूल एवढंच घर डोळ्यांसमोर ठेवलंय. आपल्याकडे सुट्टीला जायचं म्हणजे आजी येते, आत्या येते, कधी भाचाही बरोबर असतो. मोठ्या हॉटेलात एका खोलीत दोन मोठी माणसं आणि एखाद-दुसरं लेकरू. सहा जणांना दोन खोल्या घ्याव्याच लागतात. त्यावर कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्याच्या वर गेलात की १८ टक्के. समजा खोली ८,००० ची आहे. दोन खोल्या, दोन रात्री, म्हणजे ३२,००० आणि वर ५,७६० कर. २,००० च्या दोन खोल्या दोन रात्री घेतल्या तर ८,००० आणि कर ४००. आकडे समजायला सोपे म्हणून घेतलेत, तुम्ही बुकिंग कराल त्या दिवशीचे भाव टाकून हाच हिशोब मांडा. एवढ्या महागड्या हॉटेलातल्या जेवणाच्या बिलावरही १८ टक्के लागतात, बाहेर साध्या हॉटेलात ५.

पॅकेजचा मुद्दा मात्र सरसकट खोटा नाही. आतल्या हॉटेलांच्या पॅकेजमध्ये बहुधा पार्कचं तिकीट आणि नाश्ता धरलेला असतो, म्हणून तुलना करताना ती रक्कम वजा करा. नाहीतर आपलाही हिशोब लबाड ठरेल. फक्त एक बघा: पार्कात मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर असतं आणि हॉटेलवाले वय विचारतात. माझा थोरला अकराचा आहे, पण उंच. पार्कात त्याचं तिकीट मोठ्या माणसाचं लागलं. पॅकेज घेताना तुमचं लेकरू कुठल्या रकान्यात धरलंय ते फोन करून विचारून घ्या.

आणि ‘आत’ म्हणजे एकटं सितारा नव्हे. तारा आहे, त्याहून साधं शांतिनिकेतन आहे, मोठ्या गटांना डॉर्मिटरीसारखी राहण्याची सोय असलेलं सहारा आहे. शाळेची सहल किंवा वीस-पंचवीस जणांचा गोतावळा असेल तर सहाराची चौकशी जरूर करा. मजकूर पुढं ढकलणारे हे सांगतच नाहीत.

सुरक्षिततेबद्दल फार लिहीत नाही. काचीगुडा आणि सुलतान बाजार हा पिढ्यान्पिढ्या मराठी घरं असलेला भाग आहे. निजामाच्या काळापासून आपली माणसं शिकायला आणि नोकरीला तिकडे गेलेली. आपल्याला तिथं परकं वाटायचं कारण नाही. लॉज निवडताना मात्र कुटुंबांना देतात का, लिफ्ट आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, हे विचारा आणि संडास-बाथरूमचा फोटो मागवा. जो लॉजवाला फोटो पाठवायला टाळाटाळ करतो तिथं जाऊ नका. सगळ्यांची आधार कार्डं जवळ ठेवा.

उरला येण्या-जाण्याचा मुद्दा आणि इथं त्या मजकुरात खरोखर दम आहे. रामोजी हैदराबाद शहरात नाही. विजयवाड्याच्या रस्त्यावर, शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे. दिवसभर चालून संध्याकाळी परतताना धाकटी नवऱ्याच्या खांद्यावर झोपली होती आणि गेटवर बसला गर्दी होती. एल. बी. नगरला मेट्रोत बसलो तेव्हा जिवात जीव आला. तिथून मलकपेट पंधरा-वीस मिनिटं आणि पुढं काचीगुड्यापर्यंत रिक्षा. त्रास झाला, नाही म्हणत नाही. ज्यांच्या आजीचे गुडघे अगदीच गेलेत, ज्यांचं बाळ वर्षाच्या आतलं आहे, किंवा ज्यांना दोन दिवस फक्त रामोजीच बघायचंय, त्यांनी आत राहावं. त्यांचे पैसे वाया जाणार नाहीत.

स्वतःची गाडी असेल तर गोष्ट आणखी सोपी. नळदुर्ग-उमरग्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ हाच पुढं हैदराबाद ओलांडून रामोजीच्या दारावरून जातो. पाटणचेरूजवळ आउटर रिंग रोडला लागा, पेद्दा अंबरपेटला उतरा, गावात शिरायलाच नको. मुक्काम हयातनगरला केला तर सकाळी थोडक्या वेळात गेटवर. महामार्गाकडे खिडकी असलेली खोली तेवढी घेऊ नका, ट्रकांचा आवाज रात्रभर येतो.

एक सांगायला हवं: हाच न्याय खोपोलीच्या इमॅजिकाला लावू नका. तिथं बाहेर राहायचं म्हणून लोक लोणावळ्याला खोली घेतात आणि शनिवार-रविवारी घाटाच्या गर्दीत अडकतात. तिथं थीम पार्क आणि वॉटर पार्क असे दोन दिवस असतील आणि गाडी नसेल तर गेटाजवळचं हॉटेल किंवा खालचं खोपोली गाव बरं. जागा बदलली की हिशोब बदलतो आणि हा व्हॉट्सॲपचा मजकूर सगळीकडे एकच हिशोब चिकटवतो.

आत राहण्यानं आपल्या माणसांचं खरं नुकसान होतं ते हैदराबादचं. परभणीचं घर तिकडे वर्षा-दोन वर्षांतून एकदा जातं. पहिल्या संध्याकाळी आम्ही चारमिनार केला, लाड बाजारातून नणंदेनं लाखेच्या बांगड्या घेतल्या. दुसरा दिवस रामोजी. तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीला संध्याकाळपर्यंत वेळ होता, म्हणून सकाळी सालारजंग म्युझियम गाठलं. (ते शुक्रवारी बंद असतं आणि प्राणिसंग्रहालय सोमवारी. वार बघून जा.) रामोजीतून हे करायचं तर सामानासकट तीस किलोमीटर उलटं यावं लागलं असतं. आमच्या बॅगा लॉजच्या काउंटरमागे होत्या.

म्युझियममध्ये ते जुनं संगीत घड्याळ आहे. दर तासाला त्यातून एक छोटा माणूस बाहेर येतो आणि घंटेवर टोले देतो. बाराला तर समोरच्या बाकांवर जागा मिळत नाही. सासूबाई पावणेबारालाच पुढच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या, धाकटीला मांडीवर घेऊन, आणि दोघी मिळून टोले मोजत होत्या.