स्कोप म्हणे!

डोकं अजून गरम आहे, त्यामुळे पोस्ट लांबणार. घाईत असाल तर पुढे सरका.

आज रविवार म्हणून ताई, दाजी, भाची आणि दाजींचे एक मित्र असे आम्ही नाशकात गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो होतो. भाची पुण्यात बायोमेडिकल सायन्सेसची एमएस्सी करतेय. पहिलं वर्ष झालं, आता मंगळवारपर्यंत स्पेशलायझेशन भरून द्यायचंय. इम्युनॉलॉजी (शरीराची प्रतिकारशक्ती), मेडिकल मायक्रोबायोलॉजी (रोगजंतू), जेनेटिक्स, कॅन्सर बायोलॉजी, हिमॅटोलॉजी (रक्त), बायोइन्फॉर्मॅटिक्स (जीवशास्त्रातला डेटा कॉम्प्युटरवर) अशी यादी आहे. दाजींनी विषय काढला मात्र, त्यांच्या मित्रांनी पाव मोडता मोडता निकाल देऊन टाकला. हे काका बँकेतून रिटायर झालेत आणि लॅबशी त्यांचा संबंध दर तीन महिन्यांच्या शुगरपुरता आहे. "बायोइन्फॉर्मॅटिक्स घे. बाकी कशाला स्कोप नाही."

भाची हळूच म्हणाली, "मला हिमॅटोलॉजी घ्यावंसं वाटतंय."

हे हसले. "रक्त तपासायला एमएस्सी? आमच्या गल्लीतला पोरगा डीएमएलटीचा डिप्लोमा करून तपासतोय की!"

तर्री माझ्या नाकात गेली. त्यानंतर मी काय बोललो ते इथे लिहीत नाही, ताई फ्रेंडलिस्टमध्ये आहे.

पण हा "स्कोप" नावाचा प्राणी एकदा कुणीतरी मला पिंजऱ्यात घालून दाखवा. माझ्या वेळी तो बायोटेकमध्ये राहायचा. २००३ मध्ये मानवी जीनोम वाचून पूर्ण झाल्याची बातमी आली आणि ज्याला त्याला बायोटेक. मग तो तिथून उठला आणि क्लिनिकल रिसर्चमध्ये जाऊन बसला. कोरोनात तो आरटीपीसीआरच्या मशीनमध्ये शिरला. आमच्याच लॅबमध्ये तेव्हा पोरं तीन शिफ्टमध्ये स्वॅब लावत होती, दुप्पट पगार, रात्रीचं जेवण लॅबकडून. लाट ओसरल्यावर त्यातल्या निम्म्यांना "कळवतो" म्हणून घरी पाठवलं, ते कळवणं अजून चालू आहे. आता स्कोपचा मुक्काम कॉम्प्युटरमध्ये. काकांना व्हॉट्सॲपवर पत्ता मिळालाय.

मी चिडतोय ते उगाच नाही. माझी स्वतःची गोष्ट आहे, काही मित्रांना पाठ आहे, तरी सांगतो.

२००५ चा मे. पुण्यात आमच्या विभागाच्या व्हरांड्यात एक टेबल, टेबलावर स्पेशलायझेशनचं रजिस्टर, रजिस्टरला सुतळीने बांधलेलं बॉलपेन. मेरिटप्रमाणे रांग. नाव, विषय, सही. माझा नंबर येईपर्यंत मी काय लिहिणार हे मला खरोखर माहीत नव्हतं. माझ्या पुढे एक मुलगी होती, कायम पहिल्या पाचात. तिने लिहिलं इम्युनॉलॉजी. म्हटलं, हुशार पोरगी आहे, विचार करूनच लिहिलं असणार. मी अक्षरंसुद्धा काढली नाहीत. तिच्या "इम्युनॉलॉजी"खाली डिट्टोच्या दोन रेघा मारल्या आणि सही ठोकली.

त्या दोन रेघांचं व्याज वर्षभर भरलं. एलायझा नावाचा, रक्तातल्या अँटीबॉडी वगैरे शोधायचा प्रकार ज्यांनी केलाय त्यांना कळेल. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट, तिला ९६ खळगे. प्रत्येकात थेंबभर सीरम, मग धुणं, मग अँटीबॉडी, परत धुणं, परत धुणं. शेवटी निळा रंग येतो आणि त्यावर आम्ल टाकलं की झटक्यात पिवळा होतो. दिसायला सुंदर. पण मधलं एक धुणं हलगर्जीपणे झालं की सगळी प्लेट पिवळीधमक, म्हणजे दिवस वाया. माझ्या प्लेटा कायम पिवळ्या. गाईड म्हणायचे, "हळद लागलीय का रे तुझ्या प्लेटला?" मला त्या कामाचा राग यायचा असंही नाही. कंटाळा यायचा, आणि तो जास्त वाईट. राग दुसऱ्या दिवशी उतरतो.

मग एमएस्सी करून नाशिकला आलो आणि पहिल्या नोकरीत थुंकीच्या स्लाइड बघायला बसवलं. टीबीच्या. आता सीबीनॅट वगैरे आलंय, तेव्हा सगळी भिस्त मायक्रोस्कोपवर. कार्बोल फुक्सिन टाकायचं, खालून वाफ निघेपर्यंत तापवायचं, आम्लाने धुवायचं, वर मेथिलीन ब्लू. आणि निगेटिव्ह म्हणायच्या आधी निदान १०० फील्ड बघायची, म्हणजे स्लाइड सरकवत शंभर वेळा नवा गोल तुकडा. शेजारचा सहकारी विसाव्या फील्डला जांभया द्यायचा. मी ऐंशी-नव्वदपर्यंत आरामात. एकदा नव्वदीच्या पुढे, सगळ्या निळ्यात एकच बारीक लाल काडी, किंचित वाकलेली. टीबीचा जंतू. माणूस दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत मजूर होता, दोन महिने खोकत होता. त्या दिवशी मला कळलं की माझा विषय हा होता. पण रजिस्टरवर डिट्टो मारून मोकळा झालो होतो ना.

पुढचं ऐका. चार-पाच वर्षांपूर्वी बॅचचं गेट-टुगेदर झालं, तिथे ती मुलगी भेटली. आता लशीच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. तिला विचारलं, "बाई, तू तेव्हा इम्युनॉलॉजी का घेतलंस?" ती म्हणाली, "अरे, मी आदल्या आठवड्यात सगळ्या लॅब फिरून आले होते. इम्युनॉलॉजीत एसी होता."

सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येताना सिन्नरच्या पुढे मला तिच्या बोलण्यातली मेख कळली. ती फिरून आली होती! कुठल्या खोलीत दिवस काढायचाय, तिथली माणसं काय करतात, प्लेटा कशा धुतात, हे तिने डोळ्यांनी बघितलं होतं. एसी हे कारण फालतू आहे, मान्य, पण बघून ठरवलेलं फालतू कारण होतं. माझ्याकडे तेवढंही नव्हतं.

आणि तेव्हा इम्युनॉलॉजीलाही स्कोप नाहीच म्हणायचे हं. त्याच इम्युनॉलॉजीतून २०२३ मध्ये आपल्या मुंबईत, आयआयटी आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी उभी केलेली भारतातली पहिली कार-टी उपचारपद्धती मंजूर झाली. रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बाहेर काढायच्या, त्यांना कॅन्सरची पेशी ओळखायला शिकवायचं आणि परत सोडायच्या. २००५ च्या व्हरांड्यात हे कुठल्या काकांना माहीत होतं?

कमल रणदिवे माहीत आहेत ना? पुण्याच्या. त्यांनी एमएस्सीला काय घेतलं होतं? सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं! पुढे मुंबईत कॅन्सरवर काम केलं, पेशी वाढवायच्या प्रयोगशाळा उभ्या केल्या, १९८२ मध्ये पद्मभूषण. आज त्या मिसळीच्या टेबलावर असत्या तर काका म्हणाले असते, सीताफळाला स्कोप नाही.

बरं, पैशाचं. हप्ते असतात, आईबापाने एफडी मोडलेली असते, आणि कॉम्प्युटर येणाऱ्याला नोकरी लवकर लागते. लागते. झालं?

आता हिमॅटोलॉजी. हे मात्र जरा शांतपणे लिहितो, कारण काका हसले तेव्हा पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं आणि ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीये.

ती बीएस्सीला असताना एनएसएसच्या कॅम्पला पेठ तालुक्यात गेली होती. तिथे बारा-तेरा वर्षांची एक मुलगी तिला भेटली. सांधे सारखे दुखायचे म्हणून शाळा सुटलेली, घरचे वात समजून तेल चोळत होते. होता सिकल सेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन बसतं, आणि ऑक्सिजन कमी झाला की गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. पेठ, सुरगाणा ही नावं आपण सापुताऱ्याला जाताना पाटीवर वाचतो आणि गाणं बदलतो.

गल्लीतला पोरगा सोल्युबिलिटी टेस्ट लावेल, नळीतला गढूळपणा बघेल, आणि चोख बघेल. (डीएमएलटीवाल्यांनो, तुमच्या जिवावर माझी लॅब चालते, भांडण तुमच्याशी नाही.) पण ती टेस्ट पेशंट आणि वाहक (सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेला, सहसा स्वतः आजारी नसलेला) यांतला फरक सांगत नाही. त्याला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारं इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतं, आणि तो आलेख वाचणारं माणूस लागतं. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची. हे त्या घरात, त्यांच्या भाषेत सांगणारं कुणीतरी लागतं. २०२३ मध्ये सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, सात कोटी लोक तपासायचं ठरलं. तपासणार कोण, काका? तुम्ही?

आणि हे सगळं नाशकात बसून. १९९८ पासून आरोग्य विद्यापीठ आपल्या गावात आहे, तरी आपल्याला मेडिकल म्हटलं की एमबीबीएस नाहीतर "काहीच नाही मिळालं का?" एवढंच सुचतं.

असो. ओरडलो त्याबद्दल दाजींची माफी मागितलीय. काकांची नाही.

संध्याकाळी भाचीला गाडीवर घेऊन आमच्या लॅबमध्ये गेलो. रविवारची सामसूम. तिला एचपीएलसीच्या मशीनसमोर बसवलं, जुने आलेख दिले. पाऊण तास एक शब्द बोलली नाही, चहा गार झाला. उद्या पुण्याला जाऊन ती तिच्या कॉलेजातल्या सगळ्या लॅब फिरणार आहे, बायोइन्फॉर्मॅटिक्ससुद्धा. मीच सांगितलं.

आत्ता तिचा मेसेज आला: "मामा, तू तेव्हा लॅब बघून आला असतास तर रजिस्टरमध्ये काय लिहिलं असतंस?"

मी "मायक्रोबायोलॉजी" टाइप केलं. आणि मग ती खोली आठवली. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे जंतू मारायच्या वाफेच्या कुकरमधून काढलेल्या, जंतू वाढवलेल्या जुन्या प्लेटांचा तो वास, व्हरांड्याच्या टोकापर्यंत यायचा. आम्ही नाक धरून पळायचो. बघायला गेलो असतो तर मी दारातूनच मागे फिरलो असतो.

शब्द खोडला. अजून उत्तर पाठवलेलं नाही.