यानोमामींच्या जंगलातलं सोनं परातीने काढतात? नाही हो

एक फॉरवर्ड फिरतोय, की ब्राझीलमधे यानोमामी आदिवासींच्या जंगलात गरीब माणसं परातीत वाळू चाळून चार दाणे सोनं काढतात, त्यात बेकायदा काय नि नुकसान काय. अहो, परात कुठली! डिझेल पंप लावून पाण्याच्या फवाऱ्याने नदीचा काठ फोडतात, तो चिखल उपसून गाळतात, मग बारीक कण पकडायला पारा घालतात, तो गोळा तापवला की पारा उडून जातो नि सोनं उरतं, उरलासुरला पारा नदीत, तिथून माशांत आणि तेच मासे यानोमामी खातात. सामान न्यायला चोरट्या धावपट्ट्या आणि छोटी विमानं, हे गरिबाच्या खिशातलं काम वाटतं का? खाली राबणारा मजूर गरीब असतो, तेवढं मात्र खरं.

आणि बेकायदा म्हणाल तर हा प्रदेश १९९२ पासून राखीव आहे, सुमारे ९६ लाख हेक्टर, म्हणजे पोर्तुगालपेक्षा मोठा. ब्राझीलमधे इतरत्र परवाना काढून असं सोनं काढता येतं, इथे नाही. जानेवारी २०२३ मधे तर कुपोषण आणि मलेरियामुळे सरकारला तिथे आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. खणून सोडलेल्या खड्ड्यांत पाणी साचल्यावर डास होणारच की.