ओव्हनमधलं चिकन कुरकुरीत होतं, आधी पाणी घालवा

गटारी जवळ आली की फिरणारा एक मेसेज यंदाही तीन ग्रुपांवर आला. ‘ओव्हनमध्ये चिकन कुरकुरीत होतच नाही, फसू नका!’ खाली सहा मुद्दे. तळल्याशिवाय कुरकुरीतपणा येत नाही. कातडी काढून टाकावी. चिकन तीन पाण्यांनी धुऊन तासभर मिठाच्या पाण्यात ठेवावं. ओव्हनच वापरायचा हट्ट असेल तर खायचा सोडा चोळून, फॉइलने झाकून भाजावं, म्हणजे रस आत कोंडतो. हाडाजवळ लाल दिसलं की चिकन कच्चं. आणि मायक्रोवेव्हच्या नादी लागू नये. यातला शेवटचा मुद्दा बरोबर आहे. बाकीचे पाच पाळून कोणी चिकन केलं तर ते मऊच होणार, आणि मग तोच माणूस म्हणणार, बघा, मेसेज खरा होता.

आधी तळण्याचं बघू. कढईत तुकडा सोडला की चर्र आवाज होऊन बुडबुडे उसळतात. ते तेल उकळत नसतं, चिकनमधलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं. बुडबुडे मंदावले की आपण झारा घालतो, कारण तोवर वरचा थर सुकलेला असतो. कुरकुरीतपणा येतो तो पाणी गेल्यामुळे. वरचा भाग ओला आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर चढत नाही, आणि मांसाला खमंग तांबूस रंग देणारी क्रिया जोर धरते ती साधारण १४० च्या पुढे. (लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचं नाव.) गरम तेल हे सुकवण्याचं काम काही मिनिटांत उरकतं. हवा सावकाश करते, म्हणून तिचं निम्मं काम आपण आधीच करून ठेवायचं. ज्या एअर फ्रायरचं घरोघर कौतुक चालतं, तोही पंखा लावलेला छोटा ओव्हनच आहे. एक मात्र कबूल करते, पातळ पिठात बुडवलेलं चिकन ओव्हनमध्ये जमत नाही. पीठ ओघळून ट्रेवर त्याचं धिरडं होतं. त्याला कढईच हवी.

कातडी काढली तर कुरकुरीत व्हायला उरतं काय? आपल्याकडे चिकन सोलूनच मिळतं, त्यामुळे ‘कातडी ठेवा’ म्हटलं की चिकनवाला एकदा वर बघतो, ‘ठेवू?’ विचारतो, आणि सवयीने एका तंगडीची ओढून काढतोच. त्याच्यासमोर उभं राहावं लागतं. कातडीखालची बरीच चरबी भाजताना वितळून ट्रेमध्ये उतरते, ती खायची सक्ती नाही. कातडी नकोच असेल तर वरून थर द्या, पण ब्रेडचा चुरा आधी चमचाभर तेलात तव्यावर बदामी परतून घ्या. पांढरा चुरा तसाच लावला तर चिकन शिजून जातं आणि चुरा पांढरा तो पांढराच राहतो. मालवणी पद्धतीने रवा लावणार असाल तरी वर तेलाचा हात फिरवा. कोरडा रवा दाताखाली वाळूसारखा कचकचतो.

आता धुण्याचं. इथे मला सगळ्या मावश्या-आत्यांशी वैर घ्यावं लागणार. नळाखाली चिकन धुतल्याने जंतू मरत नाहीत, पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०१४ साली ‘कच्चं चिकन धुऊ नका’ अशी मोहीमच काढली होती. जंतू मरतात ते शिजताना. बाजारातून रक्ताळलेलं चिकन आलं की न धुता राहवत नाही, हे मलाही ठाऊक आहे. मग नळाच्या धारेखाली न धरता पातेल्यात हलक्या हाताने धुवा, पण नंतर पुसा. अगदी कोरडं. आणि मिठाचं पाणी? त्याने मांस रसाळ होतं, पण कातडी पाणी पिऊन बसते, म्हणजे आपण उलट्या दिशेला निघालो.

मी मीठ कोरडंच चोळते. किलोभर तंगड्यांना दीड छोटा चमचा मीठ, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, मिरपूड. मग जाळीवर मांडून, न झाकता, फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात रात्रभर. (खालीच, नाहीतर ठिबकलेलं पाणी भाजीवर.) सकाळी बोट लावून बघा. काल रात्री गिळगिळीत, पांढुरकी असलेली कातडी आता पिवळसर, ताणलेली, पतंगाच्या कागदासारखी झालेली असते, बोटाला ओल लागत नाही. मिठाने आधी बाहेर काढलेलं पाणी बरंचसं परत आत मुरलेलं असतं, वरचं फ्रिजच्या कोरड्या हवेने नेलेलं असतं. माझ्या मते सगळी लढाई इथेच जिंकली जाते.

मेसेजातला सोडा म्हणजे याच बेकिंग पावडरची चुकलेली आवृत्ती असावी. पावडरमुळे कातडी किंचित अल्कधर्मी होते, त्यामुळे रंग लवकर चढतो, आणि बारीक बुडबुड्यांनी ती खरबरीत होते. खायचा सोडा त्याहून कितीतरी तीव्र. तेवढ्याच मापाने तो घातला तर चिकनला साबणाची चव येते. एकदा खाल्लं आहे, पुन्हा नको.

फॉइलने झाकलं की वाफ कोंडते आणि कातडी उकडते, एवढं पुरे. रस कोंडण्याची कल्पना मात्र जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनतज्ज्ञ लीबिग यांनी मांडलं की मोठ्या आचेने मांसावर कवच तयार होऊन रस आत राहतो. पुढे ते खोटं ठरलं, खरपूस पापुद्र्यातूनही रस झिरपतोच. फॉइलची जागा ट्रेच्या तळाशी, गळणारी चरबी झेलायला. वर जाळी, जाळीवर तंगड्या, मध्ये अंतर. २२० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं, मध्ये एकदा उलटायच्या. ओटीजीच्या, म्हणजे घरातल्या छोट्या विजेच्या ओव्हनच्या, काट्यावर विसंबू नका. माझा २२० दाखवतो तेव्हा आत १९५ असतं, हे वेगळा थर्मामीटर ठेवल्यावर कळलं.

हाडाजवळच्या लालीने तर किती चांगली चिकनं वाळकी केली असतील! बाजारातली ब्रॉयलर कोंबडी अवघी सहा-सात आठवड्यांची. तिची हाडं सच्छिद्र, मगजातला लाल रंग शिजताना भोवतालच्या मांसात उतरतो, गोठवलेल्या चिकनमध्ये जास्तच. पूर्ण शिजलेल्या तंगडीतही तो दिसू शकतो. उलट, रंग पांढरा दिसला म्हणून शिजलं असंही नाही. जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर खुपसा. ७४ अंश म्हणजे खायला सुरक्षित. तंगडी मात्र ८० च्या पुढेच खरी सुटी होते, तेव्हा घाईने बाहेर काढू नका.

राहिला मायक्रोवेव्ह. त्याच्या लहरी मुख्यतः पाण्याला तापवतात, पण भोवतालची हवा थंडच राहते, म्हणून आतून आलेली वाफ कातडीवर बसते. उरलेल्या तंगड्या दुसऱ्या दिवशी त्यात टाकल्या की ओल्या पापडासारख्या होतात. ओटीजी २०० वर तापवून त्याच जाळीवर दहा-बारा मिनिटं ठेवा. उरल्या तर. आमच्याकडे एकच उरली होती, ती लेकाने थंडच खाल्ली, फ्रिजच्या दारात उभं राहून.